फेब्रुवारीतली शेवटची बॅटरी

त्या फेब्रुवारीत जगात काय काय चाललंय ते न्यूफाउंडलंड बेटावरच्या रॅगेड आर्म गावातल्या माणसांना तोंडपाठ होतं, आणि डोंगरापलीकडच्या गावात कोण मेलं नि कोण जन्मलं याचा मात्र पत्ता नव्हता. रशियात जर्मनांच्या अख्ख्या सैन्यानं हात वर केले, हे त्यांना लगेच कळलं. पॅसिफिकमधलं कुठलंसं बेट जपान्यांनी सोडलं, तेही कळलं. तिकडे हिंदुस्थानात गांधी नावाचा म्हातारा कैदेत उपास धरून बसलाय आणि सरकारला घाम फुटलाय, हे ऐकून सेलिना मावशी विणता विणता म्हणाली होती, "अगं बाई! इथं मार्च आला की आपण सगळेच उपाशी. त्याची नाही कधी बातमी होत ती!"

सगळे हसले होते. ड्रुझिलाही हसली होती, पण तोंडदेखलं. तिचे कान पुढच्या निरोपांकडे लागलेले.

रॅगेड आर्मला त्या वर्षी बर्फानं असं काही धरलं होतं की विचारू नका. जानेवारीत पाऊस पडला तो पडता पडताच गोठला. तारेवर मनगटाएवढं बर्फ चढलं, खांब कडाकडा मोडले आणि तारघराशी असलेला संबंध तुटला. खाडीत नुसता बर्फाचा लगदा. होडी घालावी तर वल्हं फिरत नाही, पाय ठेवावा तर माणूस आत. ना धड पाणी, ना धड जमीन. डोंगरातून पलीकडे जायला निघालेला हेडली अर्ध्या वाटेवरून परत आला तो दोन बोटं गोठवणाऱ्या वाऱ्याला देऊन. आगबोट यायची ती आता बर्फ फुटल्यावर, मे महिन्यात. तोवर जो जिथं आहे तो तिथं, पिंजऱ्यातल्या कोंबडीसारखा.

या सगळ्यात बाहेरच्या जगाला एकच भोक होतं, ते म्हणजे सेलिना मावशीचे यजमान, होडीचे तांडेल स्किपर अझराया काका यांचा रेडिओ. गावात तसे तीन रेडिओ होते. पण बाकीच्या दोन घरांनी ख्रिसमसच्या दिवसांत गाणी लावून, सोंगं आणून, पहाटेपर्यंत नाचून आपापल्या बॅटऱ्यांचा फडशा पाडला. त्यातलं एक घर हेडलीचं. "मेलो तरी चालेल, पण नाचून मरेन," असं तो तेव्हा म्हणाला होता, आणि आता रोज संध्याकाळी निमूटपणे अझराया काकांच्या स्वयंपाकघरात येऊन लाकडाच्या पेटीवर बसत होता.

अझराया काकांची बॅटरी टिकली, कारण काका कंजूष. संध्याकाळचं बुलेटिन लागायचं तेवढ्यापुरता रेडिओ लावायचा, संपलं की खट्कन बंद. आधी युद्धाच्या बातम्या, मग हवामान, आणि शेवटी निरोप. हे निरोप म्हणजे आमच्या न्यूफाउंडलंडच्या माणसांचा जीव. अमक्याची म्हातारी सुखरूप पोचली, तमकीला मुलगा झाला, दोघं बरे, हे सगळं साऱ्या बेटाला ऐकू जाईल असं वाचून दाखवायचे. लाजलज्जा काही नाही. कुणाच्या बायकोचं काय दुखतंय ते शंभर खाड्यांना ठाऊक.

ड्रुझिलाचा जीव त्या निरोपांत अडकला होता. तिची मुलगी केझिया, सात वर्षांची, दूर सेंट जॉन्स शहरातल्या इस्पितळात होती. शरदात पाय सुजला, मग हाडात पू झाला, मग ताप. डिसेंबरच्या शेवटच्या आगबोटीवरचा डॉक्टर म्हणाला, "आत्ताच्या आत्ता चला. पाय वाचेल का माहीत नाही, जीव वाचवायचं बघू." नवरा गार्लंड स्कॉटलंडच्या जंगलात, युद्धासाठी लाकूड तोडायला गेलेला. अंगावर पिणारं बाळ डांग्या खोकल्यानं निळं पडत होतं. त्याला घेऊन बोटीवर चढता येईना आणि सोडून जाता येईना. शेवटी केझियाला ब्लँकेटात गुंडाळून तिनं आगबोटीवरच्या परिचारिकेच्या हातात दिलं. पोरगी रडली नाही. "आई, मी पोचल्यावर सांगीन हं," एवढंच म्हणाली. पोचल्याचा निरोप इस्पितळातून आला. त्यानंतर काहीच नाही.

आता एक गोष्ट तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. चांगला निरोप थेट घरच्या माणसाच्या नावानं यायचा. वाईट असला की इस्पितळवाले, जहाजवाले, सगळेच तो गावातल्या पाद्र्याच्या नावानं पाठवायचे. आईला रेडिओतून सांगायचं की तुझं मूल गेलं, एवढी माणुसकी अजून संपली नव्हती. रॅगेड आर्मला पाद्री उन्हाळ्यात एकदा यायचा. बाकी वर्षभर रविवारची प्रार्थना वाचायची, मेलेल्याला पुरायचं आणि वाईट बातमी दारोदार न्यायची, ही कामं अझराया काकांची.

त्यामुळं "रॅगेड आर्म, स्किपर अझराया डर्नफर्ड यांना" एवढं ऐकलं की सगळं स्वयंपाकघर चिडीचूप. पुढं नुसतं "अमक्याच्या घरी जाऊन यावे" असायचं, की संपलं. काका उठायचे, खुंटीवरची टोपी घ्यायचे आणि बाहेर पडायचे. ते कुठल्या बाजूला वळतात ते घराघरांतले लोक खिडकीतून बघायचे. जानेवारीत ते टेमरच्या घराकडे वळले. तिचा नवरा मालवाहू जहाजावर होता.

आणि आता ऐका. फेब्रुवारी अर्धा झाला नाही तोच काका हवामान संपल्या संपल्या रेडिओ बंद करू लागले.

"काका, निरोप!" पहिल्या दिवशी ड्रुझिला ओरडलीच.

"बॅटरी वाचवायला हवी, पोरी."

"रशियातली थंडी ऐकायला बॅटरी आहे, आणि आपल्या माणसांचं ऐकायला नाही?"

"उद्या बघू," काका तिच्याकडे न बघताच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. हेडली म्हणाला, "स्किपर, तुम्ही तर मेल्यावर शवपेटीचे खिळेसुद्धा परत मागाल." एरवी काकांनी त्याला सणसणीत उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ते चुलीत लाकूड सारत राहिले. सेलिना मावशीचे टाके चुकले, तिनं उसवले, पुन्हा चुकले.

ड्रुझिला विचार करतच घरी आली. कंजुषी नव्हती ही. कंजूष माणूस नजरेला नजर देतो. काकांनी ऐकलंय! आम्ही यायच्या आधी कधीतरी लावला असेल रेडिओ, नाव आलं असेल त्यांचं, आणि सांगायची हिंमत होत नाही म्हणून रोज कळ फिरवताहेत. माझी केझिया गेली. सगळ्या बेटाला ठाऊक आहे, फक्त मला नाही.

ती बाळाला पाजायची, चूल पेटवायची, कडक पाव पाण्यात भिजत घालायची, आणि हातातलं काम संपलं की खिडकीशी जाऊन उभी राहायची. खिडकीतून दिसायचा तो बर्फाचा लगदा. भरतीबरोबर तो वर यायचा, ओहोटीबरोबर खाली जायचा, कण्हल्यासारखा आवाज करायचा आणि तिथंच असायचा. पळत सुटावंसं वाटे. पण पळायचं कुठं? मागं डोंगर, पुढं हे. तिचा देवावर राग होता, हिटलरवर होता, गार्लंडवर होता, पण सगळ्यात जास्त होता तो अझराया काकांवर.

मग एका संध्याकाळी बातमी आली की आफ्रिकेत, ट्युनिशियात, जर्मनांनी एका खिंडीतून मुसंडी मारलीय आणि आपली माणसं मागं हटताहेत. स्वयंपाकघरात कुणी चहाचा घोटसुद्धा घेतला नाही. काका-मावशीचा एकुलता एक मुलगा अँब्रोज तोफखान्यात होता. शेवटच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, "आई, तू विणलेले हातमोजे परत पाठवतो, आता जातोय तिथं लागणार नाहीत." तेव्हापासून घरात आफ्रिकेचं नाव निघालं की मावशीच्या सुया थांबायच्या. बातमी सांगणाऱ्याचा आवाज त्या दिवशी बारीक झाला होता, विहिरीतून आल्यासारखा. बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. हवामान झालं. खट्.

ड्रुझिला तेव्हा शाल ओढून घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला शेजारणीकडे ठेवून ती तडक काकांच्या अंगणात गेली. काका सरपण फोडत होते.

"कुऱ्हाड ठेवा खाली."

काकांनी ठेवली.

"खरं सांगा. तुमचं नाव आलं ना?"

"कसलं नाव?"

"उगाच भोळेपणाचा आव आणू नका, काका. माझी पोर गेली आणि तुम्ही तोंड लपवताय. सांगून टाका एकदाचं! मी पडणार नाही. पडायला वेळ आहे कुणाला इथं?"

"नाही आलं गं." काकांचा आवाज फाटला. "देवाशपथ नाही आलं."

"मग बंद का करता?"

काका ओंडक्यावर बसले. एवढा सहा फुटी माणूस, वादळात होडी घालणारा, पण तो असा बसला की म्हाताराच वाटला.

"येईल म्हणून," ते म्हणाले. "टेमरकडे गेलो ना, तेव्हा ती पीठ मळत होती. मला टोपी घालून येताना बघितलं तिनं. मी तोंड उघडायच्या आत तिनं पिठाच्या हातानं दार लावून घेतलं, माझ्या तोंडावर. मी बाहेर उभा, ती आत. कितीतरी वेळ. त्या दारावर अजून तिच्या हाताचं पीठ आहे, पोरी. रविवारी प्रार्थनेला जाताना मला दिसतं." त्यांनी नाक पुसलं. "आणि केझियाला मी मांडीवर घेऊन अक्षरं शिकवलीत. तिच्यासाठी टोपी घालून तुझ्या दाराशी येऊ? नाही जमायचं मला. म्हणून म्हटलं, ऐकायचंच नाही. जोवर ऐकलं नाही तोवर पोर आहे."

ड्रुझिलाला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला हायसं वाटेल. उलट तिचं डोकंच फिरलं.

"तुमच्यासाठी आहे! आणि माझ्यासाठी? तुम्ही कळ फिरवता नि ती माझ्यासाठी मरते. रोज मरते! सकाळी उठून मी स्वतःला सांगते, नाही मेली, आणि संध्याकाळी तुम्ही पुन्हा मारता तिला. एवढा बाप्या माणूस, आणि भिता? मग मी काय करू? त्या लगद्यात जाऊन उभी राहू?"

काकांनी एक ढलपी पायानं सारली. मग खालच्या मानेनं म्हणाले, "बॅटरी आता गेल्यातच जमा आहे. बातम्या ऐकल्या तर निरोपांपर्यंत नाही पोचायची."

दोघांनाही कळलं याचा अर्थ काय तो. बातम्या म्हणजे ती खिंड. बातम्या म्हणजे अँब्रोज. 'बातम्या सोडा' हे शब्द ड्रुझिलाच्या ओठांपर्यंत आले, पण दुसऱ्या आईच्या अंगणात उभं राहून ते बोलायला जीभ रेटेना. तिनं शाल डोक्यावरून ओढली आणि ती निघाली.

"ड्रुझिला!" दारातून सेलिना मावशीनं हाक मारली. सगळं ऐकलं होतं तिनं. फाटकं दार ते, त्यातून ऐकू आल्याशिवाय राहतंय कशाला! "संध्याकाळी लवकर ये. बॅटरी मी चुलीच्या कप्प्यात ठेवतेय, उबेला. ऊब मिळाली की मेलेली बॅटरीसुद्धा थोडं बोलते."

"मावशी, पण आफ्रिका..."

"आफ्रिका कुठं पळून जात नाही," मावशी म्हणाली आणि आत गेली. आत गेल्यावर तिनं भांडी फार जोरात आपटली.

संध्याकाळी सगळं गाव काकांच्या स्वयंपाकघरात. टेमरही आली होती, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. काकवी घातलेला चहा फिरला. बॅटरी चुलीच्या कप्प्यात, जिथं एरवी पाव भाजायचे तिथं, फडक्यात गुंडाळून बाळंतिणीसारखी शेकत होती. बुलेटिनची वेळ झाली. सवयीनं सगळे रेडिओकडे बघायला लागले, आणि रेडिओ गप्प.

असं कधी झालं नव्हतं. घड्याळ टिकटिकत होतं. या क्षणी कुठंतरी तो माणूस बोलतोय, ती खिंड, तो रणगाडा, ती मागं हटलेली किंवा न हटलेली माणसं, सगळं हवेतून या घरावरून जातंय, आणि आपण कान असून बहिरे. काकांचा हात दोनदा कळीकडे गेला आणि परत आला. मावशी सुयांकडे बघत होती, विणत नव्हती.

"जर्मन पुढं आले का मागं गेले, आता देवच—" हेडली बोलायला लागला.

"हेडली, तोंड बंद," टेमर म्हणाली.

ड्रुझिलाला बसवेना. या घराचं आपण काहीतरी चोरतोय असं तिला वाटत होतं, आणि तरीही ती ते चोरणारच होती. केझियासाठी तिनं याहून वाईट केलं असतं.

हवामान संपलं असेल अशा बेतानं काकांनी बॅटरी बाहेर काढली, तारा जोडल्या, कळ फिरवली. खरखर. मग आवाज, चक्क स्वच्छ! कुणाची गाय विकायची होती. कुणाचा दात काढला होता. कुणी सुखरूप पोचलं होतं, कुणाला जुळं झालं होतं. एरवी जुळ्यांवर हेडलीनं काहीतरी वाह्यात टिप्पणी केली असती. आवाज हळूहळू खाली बसत चालला. सगळे पुढं सरकले.

"रॅगेड आर्म," रेडिओ म्हणाला.

ड्रुझिलानं स्वतःच्या नावाची वाट पाहिली. देवा, माझं नाव. माझं नाव घे.

"स्किपर अझराया डर्नफर्ड यांना—"

मावशीच्या मांडीवरून लोकरीचा गोळा घरंगळला. तो कुणी उचलला नाही. काका उठले. रेडिओत काय चाललंय ते न ऐकताच त्यांचा हात खुंटीकडे गेला आणि त्यांनी टोपी घेतली. टोपी घालून कुणाच्या घरी जायचं? ती तर इथंच उभी होती, त्यांच्या समोर.

आणि त्याच वेळी आवाज बुडाला. नुसती कुजबुज राहिली.

ड्रुझिला पुढं झेपावली. तिनं हेडलीला असं ढकललं की तो पेटीवरून खाली पडला. गुडघ्यांवर बसून तिनं रेडिओच्या कापडाला कान चिकटवला, दोन्ही हातांनी ते खोकं छातीशी धरलं. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. ते तोंड आधी पांढरं पडलं. मग त्याचा काही अर्थच लागेना. मग रेडिओ बंद पडला, आणि ड्रुझिला तशीच बसून राहिली.

"पोरी?" काका म्हणाले. टोपी त्यांच्या हातात चुरगळली होती.

"केझिया चालते," ड्रुझिला म्हणाली. "'पाय वाचला. केझिया कुबडीवर चालते. रोज विचारते, काकांचा रेडिओ लागतो का. कृपया तिच्या आईला कळवावे.'" आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं, आणि थांबेचना. "तिनंच सांगितलं असणार नर्सला! रेडिओ अझराया काकांकडे आहे, तर निरोप काकांच्याच नावानं पाठवा म्हणून. तिला काय ठाऊक, काकांच्या नावानं काय येतं ते!"

टेमरनं तिला जवळ घेतलं. हेडली जमिनीवर बसल्या बसल्याच टाळ्या वाजवू लागला. कुणीतरी लपवून ठेवलेली रम निघाली. बायका रडत होत्या, पुरुष एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होते. मावशीनं ड्रुझिलाचं तोंड दोन्ही हातांत धरून पटापटा मुके घेतले. काका मात्र "रोज विचारते, रोज विचारते," असं पुटपुटत कोपऱ्यात उभे होते. ज्या दिवसांत ते कळ फिरवत होते, त्या दिवसांत पोरगी विचारत होती.

त्या रात्री ड्रुझिला कित्येक आठवड्यांनी झोपली. सकाळी उठली तर खिडकीबाहेर तोच लगदा, तेच कण्हणं. पण तिच्या छातीवरचा दगड उतरला होता. तिनं बाळाला अंघोळ घातली, गाणं म्हटलं, खारा मासा शिजवला, वर डुकराच्या चरबीचे तुकडे तळून घातले आणि पोटभर खाल्लं. दिवस कसा गेला कळलं नाही. दिवे लागले, आणि सवयीनं तिची नजर घड्याळाकडे गेली. बुलेटिनची वेळ होत आली होती.

तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. गावात आता एकही बॅटरी नव्हती. बर्फ फुटेपर्यंत, मे महिन्यापर्यंत, त्या खिंडीचं काय झालं ते रॅगेड आर्ममध्ये कुणालाही कळणार नव्हतं.

तिनं बाळाला शालीत गुंडाळलं आणि ती निघाली.

मावशी लवकर निजायला गेली होती, निदान दार लावून आत तरी होती. काका एकटेच मुक्या रेडिओसमोर बसले होते. टोपी गुडघ्यावर होती. ड्रुझिला आली तरी त्यांनी वर बघितलं नाही.

"सगळ्यांचं वाईट माझ्या नावानं येतं," टोपीकडे बघत ते म्हणाले. "काल रात्रभर मी हाच विचार करत होतो. माझं कुणाच्या नावानं येईल गं? ते लोक लिहितील, स्किपर अझरायांना, रॅगेड आर्म. मीच ऐकायचं आणि टोपी घालून माझ्याच दाराशी यायचं?"

ड्रुझिलानं बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं. टोपी घेतली.

"माझ्याकडे येऊ दे," ती म्हणाली. "आगबोट आली की पहिलं पत्र मी पाठवते त्यांना. अझराया डर्नफर्डच्या घरचं काही असलं तर ड्रुझिलाला कळवा. चांगलं असलं तरी मीच येईन आणि वाईट असलं तरी मीच. तुम्ही दार लावून घेतलंत तरी मी बाहेर उभी राहीन."

काकांनी मान डोलावली.  बाळानं त्यांच्या दाढीत बोटं घातली आणि ओढली.

ड्रुझिलानं टोपी खुंटीला अडकवली. बाहेर पावलं वाजली. हेडली आला, मागून टेमर आली, मग बाकीचे. रोजच्यासारखे रोजच्या जागी बसले. वेळ झाली तशी काकांनी हात पुढं करून कळ फिरवली. खट् आवाज झाला. पुढं काही आलं नाही, पण कुणी उठलं नाही. हवामान संपलं असेल, निरोप संपले असतील, एवढा वेळ सगळे बसले. मग काकांनी कळ परत फिरवली, आणि ड्रुझिला चहा ठेवायला उठली.